वैशालीची लीजवरची गाडी

आज भुकूमहून पिरंगुटला पेशंटकडे जाताना माझी स्कूटर बंद पडली. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे स्कूटर बंद म्हणजे काम बंद.

तेवढ्यात शेजारी एक पांढरी गाडी थांबली. आत वैशाली. आम्ही दोघींनी हे काम बरोबरच सुरू केलं होतं. "बस, सोडते तुला," ती म्हणाली.

गाडी नवीकोरी, आत गारेगार. माझी मात्र नुसती जळजळ होत होती. "कर्ज काढलंस का?" मी विचारलं.

"नाही गं, लीजवर घेतलीय. दर महिन्याचं भाडं रिटर्न भरताना व्यवसायाच्या खर्चात दाखवते. पेट्रोलही, पण पेशंटकडे जाण्यापुरतंच. घरच्या फेऱ्या वेगळ्या काढाव्या लागतात. तू स्कूटरचा खर्च दाखवतेस ना?"

मी कधीच दाखवला नव्हता. खिडकीबाहेर बघत "हो" म्हटलं.

पेशंट आजी अंगणातच बसल्या होत्या. "लई झ्याक गाडी हाय. तुमी घेतली व्हय, म्याडम?"

माझ्या तोंडून पुन्हा "हो" निघून गेलं.

वैशाली माझी बॅग घेऊन मागेच उभी होती. वाटलं, आता ही हसणार. पण ती म्हणाली, "हो आजी, नवीनच आहे. मी आपली तिच्याबरोबर आले."

गाडीचा हेवा मी कसाबसा गिळला असता. तिच्या या वागण्याचा हेवा मात्र घरी आल्यावरही जात नाहीये. तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी, ज्याच्यावर धड जळताही येत नाही?