बाजूला बसण्याचे चार दिवस

जळगावच्या सोनोग्राफीवाल्या बाईंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "गर्भपिशवी दिसत नाही." माझं वय तेवीस, लग्नाला पाच महिने. सोबत नणंद होती. नशिराबादला सासरी पोचताच तिने ते घरात सांगितलं. आठवड्याने मला धुळ्याजवळ माहेरी आणून सोडलं.

पाळी मला कधी आलीच नव्हती. आईला ठाऊक होतं. गल्लीत कळू नये म्हणून दर महिन्याला चार दिवस ती मला मागच्या खोलीत बाजूला बसवायची. वेगळी गोधडी, वेगळा तांब्या, चुलीला शिवायचं नाही. शेजारीण विचारायची, "बाजूले बसनी का पोर?" आई हो म्हणायची. त्यात दवाखाना राहून गेला.

धुळ्याच्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं. व्हजायनल एजेनेसिस, म्हणजे बाईची आतली वाट जन्मापासून तयारच झालेली नसते. मूल माझ्या पोटात वाढणार नव्हतं. पण वाट ऑपरेशनशिवायही करता येते, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्या नवीन होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी डायलेटर दिले. म्हणजे गुळगुळीत कांड्या, एकीपेक्षा एक जाड. वाटेच्या जागी रोज थोडा वेळ हलका दाब देऊन धरायच्या, म्हणजे ती हळूहळू आत वाढते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. त्या लाजल्या, मीही लाजले.

"समजलं ना?"

"हो."

काही समजलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. चित्रातलं वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. महिनाभर मी चुकीच्या जागी, लघवीच्या जागी, दाब देत राहिले. आग व्हायची. रक्त दिसलं तेव्हा परत गेले.

त्या दिवशी मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी मॅडमना विचारलं, "आरशात दाखवलं होतं?"

"चित्र दिलं होतं."

"चित्रात हिचं अंग नाही ना, मॅडम." मग मला म्हणाल्या, "ताई, यांनाही शिकायचंय. उभ्या राहू देत? नाही म्हणालीस तरी तुझा इलाज होईल."

मी मॅडमकडे पाहिलं. मग म्हटलं, राहू द्या.

"चला, लाजायचं तर तिघी मिळून लाजू," सिस्टर म्हणाल्या.

आग थांबेपर्यंत कांडी बंद, असं त्यांनी आधी बजावलं. मग आरसा हातात दिला. ही लघवीची जागा, तिच्या खाली हा खळगा. माझं अंग मी पहिल्यांदा पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं. तुम्हाला समजलं का, ते मी बघायला हवं होतं."

आग थांबल्यावर मागच्या खोलीत पुन्हा सुरू केलं. ती बाजूला बसायची खोली, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. हळूहळू दुसरी कांडी, मग तिसरी. मधेच सासरहून फारकतीचे कागद आले.

"आता कोणासाठी करतेस?" आईने विचारलं. दिवसभर रडले. दुसऱ्या दिवशी कांडी धुऊन घेतली.

परवा मॅडमनी तपासलं. म्हणाल्या, "वाट झाली तुमची. बाहेर तुमच्यासारखीच एक मुलगी बसलीय. तिला आधी आरसा देणार आहे."

ज्या बहिणीला हे असेल, तिने समजलं नसताना हो म्हणू नये. माझं मूल होणार नाही, ते दुःख आहेच. पण माझं अंग आता मला परकं नाही.

आज सकाळी शेजारणीने पुन्हा विचारलं, "बाजूले बसनी का पोर?" आई पीठ मळत होती. म्हणाली, "तिले पाळी येत नही." मग मला चुलीपाशी हाक मारली, "आठे ये. भाकरी थाप."