काकीने राजवाड्याला बोललेला नवस

काकी गेली, आणि मला हायसं वाटलं.

शिव्या द्यायच्या असतील तर पोस्ट पूर्ण वाचून मग द्या.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. मासे विकायची. बंदरावरचा अख्खा मिरकरवाडा तिच्या तोंडाला वचकून असायचा. बांगड्याला बोट लावून कोणी "ताजा आहे ना?" विचारलं, की म्हणायची, "मासा ताजा हाय. तुमचंच तोंड शिळं दिसतंय."

एवढी फटकळ बाई चाळीस वर्षं एका गोष्टीला घाबरत होती, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" सांगितलं होतं. मी विचारलं, "काकी, कुठे जावंसं वाटतंय? भगवतीला नेऊ?"

"भगवतीचं झालंय. मला राजवाड्यावर ने."

मला वाटलं, औषधांचा परिणाम.

ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, त्याचा हा राजवाडा. पाहुणे आले की आमची टूर ठरलेली. किल्ल्यावरचं भगवतीचं देऊळ, राजवाडा, येताना आंबापोळी. काकी मात्र तिकडे कधी फिरकली नव्हती. नाव काढलं तरी विषय बदलायची.

"दार लोट," म्हणाली. मग सांगितलं.

लग्नाला महिना झाला होता. ती दाभोळची, इथे नवीन. काकांची होडी वादळात सापडली, दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ही एकटीच मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली.

एका बाजूला किल्ला दिसला. भगवतीला ओटी बोलली.

दुसऱ्या बाजूला, खाडीच्या वर, झाडांतून लाल उतरती छपरं दिसली. एवढं मोठं म्हणजे देऊळच असणार! तिथेही हात जोडले.

"जो कोण असशील तो, माझ्या माणसाला आण. पाच नारळ नि शेला घेऊन तुझ्या पायरीशी येते."

त्याच दिवशी काका आले.

भगवतीची ओटी लगेच भरली. मग सासूला विचारलं, त्या डोंगरावर कुठला देव?

"देव कसला गो? राजाचा वाडा तो. राजा मेला कधीच!"

काकीने तोंड शिवलं. नवी सून राजवाड्याला नवस बोलली, हे कळलं असतं तर मिरकरवाडा वर्षभर हसला असता. काकांनाही तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पण मनातून जाईना. जाळं फाटलं, तो नवस. काकांचा गुडघा धरला, तो नवस.

मी म्हटलं, "काकी, राजवाड्याला बोललेला नवस लागूच होत नाही."

"माणूस परत आला ना?"

मग आवाज खाली आणून म्हणाली,

"माझा परशा बोटीवर जातो गो. मी न फेडता गेले तर त्याच्यावर येईल."

परशा तिचा एकुलता एक. हे बोलताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. आधी किल्ल्यावर, कारण तिला गुरवांना विचारायचं होतं. पायऱ्या जमेनात, तर गुरवच रिक्षापाशी आले. सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत.

"वहिनी, कोणाला बोललात ते सोडा. शब्द जिथे दिलात, तिथे फेडा."

राजवाड्याच्या दारावरच्या माणसाने पिशवी बघितली. "नारळ आत न्यायचे नायत."

मी "अॅक्चुअली काय झालं" म्हणून सुरू केलं. काकीने मला गप्प केलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. पुण्याचं एक जोडपं सेल्फी थांबवून ऐकत होतं. चाळीस वर्षांची लाज तिने पाच मिनिटांत सोडली.

दारावरचा माणूस पालीकडचा. त्याचे वडील गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. त्याने टोपी काढली, बाहेरच्या खालच्या पायरीशी नारळ मांडले, शेला ठेवला आणि हात जोडले.

"बा राजा, तू देव नव्हतास, हे हिला ठाऊक नव्हतं. पण हिने हाक मारलीन नि हिचा माणूस घरी आला. बोलली होती ते आज घेऊन आलीय. मानून घे, नि हिच्या पोराला दर्यावर सांभाळ!"

"व्हय महाराजा!"

रिक्षावाला म्हणाला, मी म्हणाले, पुण्याचं जोडपंही म्हणालं.

काकीने पायरीला डोकं टेकलं. त्या माणसाने तोच शेला प्रसाद म्हणून तिच्या खांद्यावर घातला.

"आता आतून बघायचा का राजवाडा?" मी विचारलं.

"मला काय करायचंय आत? माझं काम पायरीशी होतं."

घरी येऊन पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी.

आणि मग काय, भेटायला येईल त्याला स्वतःच सांगायला लागली. मिरकरवाडा हसला. सगळ्यात जास्त तीच हसली.

काल पहाटेपासून वारा सुटला होता. परशाची बोट बाहेर, फोन लागत नव्हता. वारा सुटला की काकी घरात थांबायची नाही, धक्क्यावर जाऊन बसायची. म्हणून तिला सांगू की नको, असं झालं. शेवटी सांगितलं.

"येईल तो," म्हणाली. कुशीवर वळली आणि झोपली.

झोपेतच गेली.

रात्री साडेअकराला बोट लागली. परशा भिजल्या कपड्यांनीच धावत आला. आईच्या पायाशी बसला आणि मला विचारलं, "घाबरली होती का गो?"

"नाही रे. अजिबात नाही."

हे मला खरं खरं सांगता आलं.

काकी, सुखाने जा. परशा घरी आलाय.