कुलूपबंद विहारातला उशिराचा आवाज

ऑक्टोबर २००५ मधल्या एका रविवारी सकाळी, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये, आमच्या कुलूपबंद बुद्धविहारातून 'साधु' असा बाईचा आवाज आला. आत कोणीही नव्हतं.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भूतखेत, अंगात येणं हे आम्हा बौद्धांच्या घरात थट्टेचे विषय. स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. ऐकलं तेवढं लिहितो.

विहार म्हणजे ट्रस्टच्या नावावरचं एक साधं घर. खरे विश्वस्त कोण, यावरून दोन गट कोर्टात गेले. निकालापर्यंत घर बंद, चावी कोर्टाने नेमलेल्या वकिलाकडे. दोन-तीन महिने लागतील, असं सांगण्यात आलं होतं. मग एकदा जज बदलले, एकदा समोरचा वकील सुट्टीवर, एकदा बर्फ... दर वेळी आम्ही हाफ डे टाकून जायचो आणि पुढची तारीख घेऊन परत यायचो.

त्यातच सुमनकाकू गेल्या. त्यांच्या यजमानांचं, वामनकाकांचं, एकच मागणं होतं — काकूंसाठीची वंदना त्याच हॉलमध्ये व्हावी. काकांचं डायलिसिस चालू होतं. त्यांनी फक्त एका तासाची परवानगी मागितली. त्या अर्जालाही तारीख पडली.

वंदना संपली की सगळ्यांनी एका सुरात तीनदा 'साधु', म्हणजे 'उत्तम झालं', म्हणायचं. काकू तेव्हा स्वयंपाकघरात चहा टाकत असायच्या. त्यांचा तिसरा साधु सगळ्यांचा संपल्यावर, लांबवत यायचा. "काकू, तुमचा साधु ट्रॅफिकमध्ये अडकला वाटतं!" ही चेष्टा ठरलेली.

कुलूप लागल्यावर दोन्ही गट पार्किंगमध्येच वंदना करायचे — दोन कोपऱ्यांत, एकमेकांकडे न बघता. काका खुर्ची टाकून बसायचे. त्या रविवारी आमचा तिसरा साधु संपला आणि स्वयंपाकघराच्या बंद खिडकीमागून तो आला. उशिरा. लांबवत.

समोरच्या गटातला संजय तरातरा आला. "जयभीम काका. आत कोणाला घुसवलंत? हा कोर्टाचा कंटेम्प्ट आहे!"

"आम्ही? चावी तुम्हीच पैदा केली असेल," मी म्हणालो.

"काहीही काय, यार!"

काका खिडकीकडे बघत होते. "भांडू नका रे. सुमन आहे. उशिरावरून कळत नाही का?"

त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी अर्ज टाकले : विरुद्ध गट आदेश मोडून आत शिरला. चावीवाल्या वकिलाने सगळ्यांसमोर दार उघडलं. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही. खिडक्या आतून बंद. काका उंबऱ्यापर्यंत आले. त्यांना आत सोडलं नाही. या दोन अर्जांची चौकशी आधी, म्हणून मूळ सुनावणी पुन्हा पुढे गेली.

"म्हणजे आता हिच्यामुळे लेट," काका म्हणाले आणि हसले.

काका २००७ च्या हिवाळ्यात गेले. निकाल २००८ मध्ये लागला.

दार उघडल्यावरची पहिली वंदना दोघांसाठी होती. दोन्ही गट आले. तिसऱ्या साधुनंतर कोणी काही न ठरवताही सगळे थांबले. स्वयंपाकघरातून काहीच आलं नाही. आवाज पार्किंगच्या बाजूने आला — उशिरा, लांबवत, पुरुषाचा.

संजयने दार उघडलं. बाहेर कोणीही नव्हतं.