हळू म्हणजे सावकाश

मला ‘हळू’ या शब्दाचा राग येतो. हा आजकालचा राग नाही, चांगला बावीस वर्षं मुरलेला आहे. दौंडच्या या घरात आम्ही राहायला आलो, तेव्हापासून नवऱ्याची कुरकुंभच्या एका कंपनीत तिसरी पाळी. सकाळी आठला तो घरी येतो, दोन घास खातो आणि आडवा होतो, तो चार वाजेपर्यंत. तेवढा वेळ आमचं घर कुजबुजतं.

कुकर मी तो यायच्या आत उतरवायची. मिक्सर लावायचा तर डबा घेऊन शेजारणीकडे जायची. डोअरबेलच्या आत कापसाचा बोळा कोंबलेला, त्यामुळे ती वाजायची नाही, नुसती खरखरायची. मुलगी तान्ही असताना रडायला लागली की तिला उचलून न्हाणीघरात न्यायचं आणि दार लावून घ्यायचं. ‘हळू, पप्पा झोपलेत’ हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. किती शहाणी पोर म्हणे!

मी यवतला शाळेत शिकवते. सकाळची शाळा. तिथे माझा आवाज पार गेटापर्यंत जातो, मुख्याध्यापकसुद्धा दचकतात. आणि दुपारी दीडला घरी आले की मी उंबऱ्याबाहेरच चपला हातात घेते. हे कुणी मला करायला लावलं होतं का? नवऱ्याने एकदाही म्हटलं नव्हतं. पण रात्रभर जागून आलेल्या माणसाला झोपू द्यायचं असतं हे सासूने सांगितलं, आईने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

माझं माहेर शिरूरचं, मिशन कंपाउंडमधलं. तिथल्या चर्चमध्ये भजनाला पेटी आणि तबल्याबरोबर व्हायोलिन वाजायचं. वाजवणारे मास्तर तेव्हा तरणे होते. बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर बसून मी त्यांच्या हातातला गज वर-खाली होताना बघायची. मुलींनी गायचं आणि मुलांनी वाजवायचं, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. गेल्या वर्षी भावाच्या मुलीच्या लग्नात मास्तर भेटले. पार वाकले होते. म्हणाले, “कुणाला शिकायचं असंल तर या बाबांनो, मी हाय तवर. पोरं येत न्हाईत आता.” मी म्हटलं, “पोरी चालतील का?” सगळे हसले. मी सत्तेचाळीस वर्षांची. मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, “आयतवारी ये. साधं लाकडाचं व्हायोलिन घेऊन ये.”

आता हे एवढं सोपं होतं की नाही? लाकडाचं घ्या, शिरूरला जा. पण आमच्या घरात सोपं काही होत नाही.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, “मम्मी, इलेक्ट्रिक घे ना. हेडफोन लावायचा, आवाज फक्त तुला. पप्पांना कळणारही नाही.” शेजारणीला वाटलं, इलेक्ट्रिक म्हणजे देवळातल्या आरतीच्या मशीनसारखं. तिथे बटण दाबलं की घंटा, नगारा, झांज सगळं आपोआप सुरू होतं. “लाईटवरचं हाय व्हय? मग शिकायचं काय त्यात? बटण दाबायचं आन् बसायचं!” मी समजावून सांगितलं तर म्हणाली, “ते काय का असंना, लाईटवरचंच घ्या बाई. भिंत एक हाय आपली.” नवऱ्याला विचारलं तर त्याने मान हलवली आणि म्हणाला, “घे की.” कुठलं घे, ते नाही.

पुण्याच्या दुकानात विक्रेत्याने दोन्ही समोर ठेवली. लाकडाचं पोकळ, हलकं, राळेच्या वासाचं. दुसरं म्हणजे नुसता सांगाडा, काळा चकचकीत, पोटाच्या जागी भोक. त्याने विचारलं, “मॅडम, घरात कुणाला त्रास होईल का आवाजाचा?” मी म्हटलं, “हो.” त्याने लाकडाचं उचलून परत काचेच्या कपाटात ठेवलं. मीही ठेवू दिलं. या एका ‘हो’साठी मी स्वतःवर अजून चिडलेली आहे.

तर लाईटवरचं घरी आलं. रोज दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन्ही कानांवर हेडफोन चढवून मी सा रे ग म घासायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई हवेत काहीतरी किसतेय. महिनाभराने एक सरगम जरा सरळ आली. नवरा उठून चहाला आला होता. मी हौसेने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि वाजवून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, म्हणाला, “लई ग्वाड वाजतंय.”

मी व्हायोलिन खाली ठेवताना बघितलं. त्याच्यावरचा लाल दिवा लागलेलाच नव्हता. बटण बंद. हेडफोनमध्ये काडीचाही आवाज गेला नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाईचं काय ते खेळणं चाललंय, मान डोलवा आणि मोकळे व्हा! बावीस वर्षं मी याच्या झोपेवर पांघरूण घालतेय आणि याला माझ्यासाठी एक मिनिट कान द्यायला होत नाही? मी चार दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचा आणखी राग आला.

त्याच रागात रविवारी शिरूरला गेले. चौफुल्याला एसटी बदलायची, मग न्हावऱ्यावरून पुढे. मास्तरांनी तो काळा सांगाडा हातात घेतला, उलटासुलटा केला, टिचकी मारून बघितली. “ह्याला पोट न्हाई, पोरी. पोट नसल्यावर आवाज कुठनं यील?” मग आपलं जुनं व्हायोलिन माझ्या खांद्यावर ठेवलं. “वाजव.”

मी वाजवलं. उंदीर कागद कुरतडतो तेवढाच आवाज झाला.

“हळू,” मास्तर म्हणाले.

मी आणखी हलक्या हाताने गज फिरवला. आता तर काहीच ऐकू येईना.

“अगं हळू!”

मी गज तारेवर नुसता टेकवला. मास्तरांनी माझं मनगट धरलं. “मी हळू म्हणतोय म्हंजी सावकाश. आवाज कमी कर म्हणलो का मी? गजावर वजन दे. वाजवताना बी कुजबुजतीस व्हय तू?”

मी तिथेच रडले. दुःखाने नाही, संतापाने. हळूचा दुसरा अर्थ मी शाळेत पोरांना शिकवते. ‘हळू चाल’ म्हणजे सावकाश चाल. आणि माझ्या स्वतःच्या हाताला एकच अर्थ ठाऊक होता: गप्प. हेडफोनमध्ये आवाज बटणाने वाढवता येतो, त्यामुळे त्या हाताला कधी जोर लावावाच लागला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले, एकटी. सांगाडा परत केला आणि लाकडाचं घेतलं. तोच विक्रेता होता. “घरी चालेल ना आवाज?” मी म्हटलं, “न चालायला काय झालं!”

सोमवारी शाळेतून आले. चपला वाजवत आत आले. नवरा आतल्या खोलीत झोपलेला. मी स्वयंपाकघरात गेलेच नाही, पुढच्या खोलीत उभी राहिले आणि मास्तरांनी सांगितलं तसं गजावर वजन दिलं. असा काही कर्कश्श आवाज निघाला की शेजारणीने खिडकी उघडली. मला तेच हवं होतं. मला भांडण हवं होतं. त्याने उठावं, ओरडावं, म्हणजे मला माझं सगळं एकदाचं बाहेर काढता येईल.

तो उठला नाही. मी दारात जाऊन वाजवलं. मग पलंगाशी. मग त्याच्या उशाशी उभी राहून, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर, सगळ्यात जाड तार जीव खाऊन घासली. तो उजव्या कुशीवर, तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता. पापणीसुद्धा हलली नाही.

माझा राग एकदम थंड पडला. मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यासरशी तो उठून बसला. “चार वाजलं?”

माझ्या हातातलं व्हायोलिन त्याने बघितलं. माझा चेहरा बघितला. त्याला कळलं.

“कवापासनं?” मी विचारलं. चिडले की माझी शिरूरची बोली बाहेर येते.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. तो नेहमीच बघायचा. मला वाटायचं, माणूस अबोल आहे, पण लक्ष देऊन ऐकतो. “डावा कान पार गेलाय,” तो म्हणाला. “सात-आठ वर्सं झाली. उजव्यानं येतंय थोडं.” कंपनीत तो सेंट्रिफ्यूजवर असतो. पावडर आणि पाणी वेगळं करणारी ती यंत्रं रात्रभर घरघरत असतात. कानात घालायची बोंडं मिळतात, पण ती घातली की हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी घालत नाही. दरवर्षीच्या मेडिकलला कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बोट वर करायला सांगतात. हा तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून बोट वर करायचा.

म्हणजे माझ्या हेडफोनलाही त्याने तेच केलं होतं. माझा हात हलताना बघून मान डोलावली होती.

एकेक गोष्ट उलगडत गेली तसतशी मी पुन्हा पेटले. मोबाइल उशाखाली थरथरता ठेवून तो झोपायचा, आणि मी सगळ्यांना सांगायची, बघा, गजराचासुद्धा आम्हाला त्रास नको म्हणून किती जपतो. चार दिवसांचा माझा अबोला त्याला कळणार कसा होता? मी कुजबुजून सांगितलेलं घर, पोर, माझं दुखणंखुपणं, त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि मी सात-आठ वर्षं एका ऐकू न येणाऱ्या माणसासाठी कुकरची शिट्टी दाबत बसले होते! मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

“सांगितलं का न्हाई?” मी ओरडले.

“सांगून काय? मेडिकलमधनं काढतील. चार वर्सं ऱ्हायली रिटायरला.” मग त्याने खिडकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “कुणाला बोलू नको. हळू बोल.”

हळू! या घरात त्याने तो शब्द पहिल्यांदा उच्चारला, आणि तोही आता.

त्याला ऐकू जायचं तर मला ओरडायला हवं, आणि ओरडलं की भिंतीपलीकडे जाणार. मी सरगमची वही उघडली आणि पाठच्या पानावर फळ्यावर लिहिते तसं मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘उद्या पुण्याला कानाच्या डॉक्टरकडे जायचं. दोघांनी. आणि आजपासून बोंडं घातल्याशिवाय पाळीला जायचं नाही.’ वही त्याच्यापुढे धरली.

त्याने वाचलं आणि मान हलवली.

ती मान मी सात-आठ वर्षं होकार म्हणून घेतली होती. मी वही खाली घेतली नाही. खिडकी उघडीच होती, पलीकडे शेजारण उभी होती. असू दे.

“मोठ्यानं वाचा,” मी म्हटलं.