फुलांच्या टेम्पोतून काजळकाच ऐकायला

पुण्यातल्या मैत्रिणी हिवाळ्यात कोकणात निघाल्या, मी अकोल्याचं तिकीट काढलं. कारण ‘काजळकाच’ हा बँड. काळे कपडे, छातीत घुसणारा बास, ड्रम मशीनचा थंड ठोका आणि मरणाबद्दलची वऱ्हाडी गाणी. याला डार्कवेव्ह म्हणतात. वर्षभर हेडफोनवर ऐकत होते. आता समोर ऐकायचं होतं.

रात्रीच्या गाडीने सकाळी अकोल्यात उतरले. स्टेशनबाहेर चहा आणि गरम सांबारवडी. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळेपर्यंत मी वाटीतल्या सांबाराची वाट पाहत बसले होते!

बँडची गायिका रेवती. तिला आधी मेसेज केला होता, म्हणून तालमीला बोलावणं आलं. पोचले तर गोंधळ. कार्यक्रम अमरावतीत, संध्याकाळी. आणि ठरवलेली गाडी ऐनवेळी रद्द झाली होती. शेवटी रेवतीच्या बाबांचा, वसंतरावांचा, फुलांचा टेम्पो आला. मागे स्पीकर, सिंथ म्हणजे सिंथेसायझर आणि बँडची मंडळी. पुढे वसंतराव आणि मी. गाडीत शेवंतीचा वास.

मूर्तिजापूरमार्गे रस्ता छान आहे, बसही भरपूर मिळतात. पण टेम्पोची मजा वेगळी.

“तुमी पुन्याहून या रडगान्यासाठी आल्या?” वसंतरावांनी विचारलं.

“हो. तुम्ही ऐकलंय?”

“नाई. रेवतीची माय गेली तवापासून लिहून राहिली. घरात रडनं झालं, आता लोकांपुढं कशाले?”

अमरावतीत गिला वडा खाल्ला. दही, चिंचेची चटणी, वर तिखट, चुकवू नका. वसंतरावांनी सामान उतरवून दिलं आणि म्हणाले, “मी गाडीतच बसतो.”

हॉल छोटा, पोरं दाटीवाटीने उभी. पहिल्या ठोक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या. रेकॉर्डिंगमध्ये रेवतीचा आवाज दूरचा वाटतो. इथे तो खर्जातून येऊन पोटात उतरला. मी नाचत होते, आणि डोळे पुसतही होते.

शेवटचं गाणं पहाटे फुलं तोडणाऱ्या बाईचं. दुसऱ्या कडव्याला रेवती अडकली. दाराशी वसंतराव उभे होते. बास भिंत ओलांडून टेम्पोपर्यंत गेला असणार. सिंथवरच्या भूषणने तीच धून फिरवत ठेवली. रेवतीने श्वास घेतला आणि गाणं पूर्ण केलं.

लोक टाळ्या वाजवत असतानाच वसंतराव स्टेजपाशी आले.

“बाबा, तुमी...”

“भल्ला जड आवाज हाय तुहा. पन मायचं नाव नाई घेतलं?”

“पुढच्या वेळी घेईन.”

“पुढच्या वेळी काहून? लोकं हायेत अजून.”

भूषण वायरी गुंडाळायच्या बेतात होता, तो थांबला. रेवती माइककडे वळली. “हे गाणं सुमनचं आहे. माह्या मायचं.” आणि ते गाणं परत सुरू झालं. या वेळी वसंतराव पहिल्या रांगेत होते, डोळे मिटून.

घरी आल्यावर फोनवरचं रेकॉर्डिंग आईला ऐकवलं. नुसती खरखर आली. आई म्हणाली, “यात काय आहे?” मी म्हटलं, “आई, तूच चल ना एकदा.” ती हसली आणि कपाटातून प्रवासाची पिशवी काढू लागली.