लंबू विकायचा नाही

ताई वेडी आहे असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं, माझं काही जात नाही. पण तिच्या लंबूबद्दल बोलायचं असेल तर आधी सगळं ऐकायचं आणि मग तोंड उघडायचं.

ताई आम्हा तिघांत थोरली. तिचा सगळा जन्म लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर गेला. वाफेने उजवा हात कोपरापर्यंत तांबूस झालाय, आणि उभं राहून राहून गुडघ्यांची पार वाट लागली. शेवटी एक गुडघा बदलावा लागला. डॉक्टरांनी घरी बसवलं, तर ही बया खुर्चीत बसून शेजाऱ्यांचे शर्ट इस्त्री करायला लागली! तेव्हा दादाने आपला जुना कॉम्प्युटर आणून तिच्या टेबलावर ठेवला. दादा आमच्यातला मधला, इंजिनिअर; मी धाकटी. ताई त्याला 'साहेब' म्हणते, एरवी कौतुकाने आणि चिडली की टोमण्याने.

कॉम्प्युटरवर त्याने फुटबॉलचा एक गेम घालून दिला. त्यात आपण बॉल मारायचा नसतो. आपण क्लबचे मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, विकायचे, सराव ठरवायचा, अकरा जण निवडायचे आणि मॅच सुरू झाली की जीव मुठीत धरून बघत बसायचं. एकाच लीगमधले तीन क्लब आम्ही तिघांनी घेतले आणि दादा नि मी आपापले लॅपटॉप घेऊन दर रविवारी दुपारी ताईकडे जमायला लागलो. दादा पहिल्या दिवसापासून तयार खेळाडू विकत घ्यायचा. माझा क्लब ना धड वर, ना धड खाली, आपला मधेच लोंबकळत असायचा.

ताईने मात्र एकही खेळाडू विकत घेतला नाही. गेममध्ये दर वर्षी प्रत्येक क्लबाकडे सोळा वर्षांची नवी पोरं येतात. आम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतो. ताई चष्मा लावून एकेकाची माहिती वाचायची. दादा म्हणाला, "अगं, ही पोरं वाढेपर्यंत तुझा क्लब बुडेल. बाजारात तयार मिळतात की."

"बाजारात तयार मिळतं म्हणून घरातली चूल बंद करतोस का, साहेब?"

पोरांची लांबलचक नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिने आपली नावं ठेवली. बुटका, तुरुतुरु पळणारा तो गोट्या. सारखी पिवळी कार्डं खाणारा तो तिखट. आणि गोलकीपर लंबू. ताडमाड उंच, पण हाताला लोणी लावल्यासारखा, आलेला बॉल सुटलाच समजा. दादा म्हणायचा, "हा शिंकला तरी गोल होतो."

ताईने त्याला वर्षभर एका मोठ्या क्लबाकडे उसना खेळायला पाठवलं. त्यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं. ताईचा असा संताप झाला, की जणू पोटच्या पोराला कुणी उपाशी ठेवलं होतं. मग तिने शोधून शोधून एक गरीब क्लब काढला, जिथे गोलकीपरच नव्हता. तिथे लंबूने आठवड्याला ढिगाने गोल खाल्ले, पण खेळला. परत आला तो जरा बरा होऊन आला.

आता खरं बोलायचं तर फायदा म्हणावा असा काही दिसत नव्हता. तुकडीतली बहुतेक पोरं वायाच जायची. त्यांना सोडताना ताई पडद्याकडे बघून म्हणायची, "जा बाबा, सुखी राहा," आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. क्लब घसरत घसरत तळाशी आला. त्या मोसमात गेममधल्या संचालकांनी तिला नोटीसच दिली, क्लब खालच्या लीगमध्ये गेला तर तुमची हकालपट्टी. म्हणजे गोट्या, तिखट, लंबू, सगळे परक्याच्या हाती. कॉम्प्युटर त्यांना विकून मोकळा झाला असता. ताई त्या दिवशी चहासुद्धा प्यायली नाही.

नेमकी तेव्हाच एका बड्या क्लबाने लंबूला मागणी घातली. पैसे एवढे की तीन तयार खेळाडू आले असते.

"विकून टाक," दादा म्हणाला. "आणि ऐक, आता सांगतोच. गेममध्ये प्रत्येक खेळाडूचा एक लपलेला आकडा असतो, तो कुठपर्यंत वाढू शकतो त्याचा. माझ्याकडे तो बघायचा प्रोग्रॅम आहे. तुझा लंबू संपला, ताई. आज आहे त्याच्यापुढे तो इंचभर सरकणार नाही. त्या क्लबाला हे माहीत नाही तोवर विक."

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या पोराचा आकडा बघायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"हिचे मार्क बघूनही तू असंच म्हणाला होतास. माझ्या भल्यासाठी!"

'हिचे' म्हणजे माझे.

आई गेली तेव्हा मी लहान होते. ताईने शाळा सोडली आणि लॉन्ड्री धरली, म्हणून दादा शिकला. माझी पाळी आली तेव्हा मी गणितात सपशेल आपटले, दोनदा. दादाने निकाल हातात घेऊन सांगितलं होतं, "हिच्यावर पैसे घालवू नकोस, हिच्यात काही नाही. कुठल्या तरी दुकानात लावून दे." वाईट मनाने नाही म्हणाला तो, हिशेबाने म्हणाला. ताईने ऐकलं नाही. लॉन्ड्रीतली दुसरी पाळी घेतली आणि मला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवलं. आज मी दवाखान्यात एक्स-रे काढते. त्यात नाव काढलं वगैरे काही नाही, पण काम चोख करते. ताईच्या गुडघ्याचा एक्स-रे मीच काढला होता. आणि ती दुसरी पाळी कुणासाठी होती ते मला माहीत होतं.

लंबू विकला गेला नाही.

मोसमाची शेवटची मॅच आली ती नेमकी दादाच्याच क्लबाशी. दादा जिंकला तर विजेता. ताईला बरोबरी पुरत होती, पण हरली तर सगळंच संपलं. दोघं आपापल्या पडद्यासमोर पाठीला पाठ लावून बसले आणि मी मधे उभी.

सुरुवातीलाच लंबूच्या हातातून बॉल निसटला आणि गोल. दादा खो खो हसला. "अजून वेळ आहे, दुसरा गोलकीपर घाल!"

"तू आपलं बघ," ताई म्हणाली. मध्यंतरातही तिने लंबूला हात लावला नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "ताई, बदल गं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट मागे सरले.

मग गोट्याने पळत जाऊन बरोबरी केली. मी ओरडणार होते, ताईने ओरडू दिलं नाही. शेवटच्या मिनिटाला दादाचा सगळ्यात महागडा खेळाडू एकटा लंबूसमोर आला. लंबू पडला भलत्याच बाजूला. पण पाय इतके लांब त्या कार्ट्याचे, बॉल पोटरीवर आपटला आणि बाहेर गेला. शिट्टी वाजली. बरोबरी! ताईचा क्लब वाचला आणि दादाचं विजेतेपद गेलं.

"निव्वळ नशीब," दादा खुर्ची फिरवत म्हणाला. मग अगदी हळू आवाजात: "पण ताई, मी खोटं नाही बोललो गं. तो खरंच यापेक्षा चांगला होणार नाही."

"नाही तर नाही. मी कुठे म्हटलं होतं होईल म्हणून? आहे एवढा मला पुरतो." तिने चष्मा परत लावला. "नवा करार कुठून करतात ते दाखव."

दादा उठला, तिच्या खुर्चीमागे जाऊन वाकला आणि बटण दाखवलं. ताईने सगळ्यात लांब मुदतीचा करार निवडला. मग मागे वळून मला म्हणाली, "आणि तू का गं रडतेस? जा, साहेबांना चहा टाक. हरलेत ते."