मला न दिसलेली फडफड

पोरं बाईंना गंडवायला बघतात आणि आपण ते ओळखायचं असतं, याच समजुतीवर माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पौडच्या घरी पडवीत शिकवणी घ्यायला लागले, तरी संशयी स्वभाव काही सुटला नाही.

यंदा पावसाळ्यात दुपारीच अंधारून यायचं, म्हणून पडवीत नवी एलईडी ट्यूब लावली. लख्ख उजेड! मी खूश. तर दुसऱ्याच दिवशी डोंगरावरच्या वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ट्यूब फडफडतीया. डोकं दुकतंय."

मी वर पाहिलं. कसली फडफड नि कसलं काय! "गणितं नकोत म्हणून नाटकं, होय ना?"

"न्हाई बाई, खरंच."

लगेच मागची दोघं-तिघं ओरडली, "व्हय बाई, लई फडफडतीया!" झालं, आता तर खात्रीच पटली. एकटी बोलली असती तर एखादवेळी खरं मानलं असतं. सगळ्यांनी मिळून बोलायचं म्हणजे ठरवून केलेलंच. तरी ह्यांना बोलावलं. हे वर बघून म्हणाले, "अगं, छान आहे की उजेड." ह्यांचंही वय सत्तरीचं, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ही मुलगी पाचवीतली, भलती हुशार. शिष्यवृत्तीला बसवायचं म्हणून तिच्या आईच्या मागे हात धुऊन लागले होते. आई मजुरीला जाणारी, तिला पोरगी धाकट्यांना सांभाळायला घरी हवी होती. म्हणून तर मला जास्त संताप आला. पुन्हा एकदा तिनं डोळ्यांवर हात धरले, तशी मी सगळ्यांदेखत म्हटलं, "खोटारडी कुठली!" दुसऱ्या दिवसापासून ती यायचीच बंद झाली.

मधे चष्म्याचा नंबर तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांपुढे हेच गाऱ्हाणं गायलं. ते म्हणाले, "पोरं खरं बोलत असतील. वय झालं की दिव्याची फार भरभर होणारी उघडझाप डोळ्यांना टिपता येत नाही. त्यांना फडफड दिसते, आपल्याला सलग उजेड." मी मनात म्हटलं, आता हा मला काहीतरी थेंब विकणार.

घरी येऊन पोरांची परीक्षाच घेतली. स्वयंपाकघरातली ट्यूब काढून नव्या ट्यूबशेजारी लावली. एकेकाला आत घेतलं, बाकीची अंगणात. तोंड भिंतीकडे, वर बघायचं नाही, भिंतीवरचा उजेड फडफडतो का तेवढं सांगायचं. आवाजावरून ओळखतील म्हणून दोन्ही बटणं खटाखट वाजवून एकच ट्यूब चालू ठेवायचे. तरी जो येईल तो नवी ट्यूब लागली कीच फडफड सांगे. मग ह्यांना बटणांपाशी बसवून मी स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला काही म्हणजे काही कळेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती ट्यूब काढून टाकली, वायरमनला सांगून चांगल्यातली बसवली आणि वस्तीवर गेले. आई दारातच म्हणाली, "ती यायची न्हाई म्हंतीया. तुमी खोटी म्हनलासा तिला."

"चुकलं माझं," मी मुलीकडे बघून म्हटलं. "तू खरं बोलत होतीस. ट्यूब बदललीय, आता ये."

ती आली. आपल्या जागेवर बसली, वही उघडली. नवीन ट्यूबसुद्धा मला आधीच्या ट्यूबसारखीच दिसत होती, म्हणून मी तिलाच विचारलं, "आता नाही ना गं फडफडत?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "न्हाई बाई," ती म्हणाली, "बरी हाय."

वर तिनं बघितलंच नव्हतं.